तळघरातली गाडगी

एका राज्यात अशी रीत होती, की बारशाच्या दिवशीच लेकराचा नकार काढून राजाकडे ठेवायला द्यायचा. आईने तान्ह्याचा श्वास गाडग्यात घ्यावा, मांत्रिक कपिलाक्षाने लाखेने तोंड बंद करावे आणि गाडगे राजवाड्याच्या तळघरात जावे. बदल्यात राजा प्रजेला राक्षसांपासून राखी. राक्षस कुणी पाहिला नव्हता, ती गोष्ट वेगळी.

पुढे राजा दुर्जयाच्या गडाला शाप लागला. बुरूज दिवसा बांधावा, रात्री ढासळावा. कपिलाक्ष म्हणाला, "बुरूज जिवंत माणूस मागतो." राजाने बोट दाखवले ते गर्दीत उभ्या असलेल्या सुभानाकडे. "आज्ञा, महाराज," म्हणून सुभान आपल्या पायांनी जाऊन बुरुजाखालच्या खड्ड्यात उभा राहिला. त्याची बायको चंद्रावळ थिजलीच. काल मीठ कमी पडले म्हणून याच माणसाने घर डोक्यावर घेतले होते, आणि आज जीव मागितला तर चकार शब्द नाही! तिच्याही तोंडून हुंदका फुटला, नकार काही फुटला नाही. गवंडी भिंत रचू लागले.

झाडावरची साळुंकी म्हणाली, "बाई, त्याच्या गाडग्याची लाख फोड. तळघराच्या वाटेत तीन दारे आहेत. कुणी काही म्हणो, पाय थांबवू नकोस."

पहिल्या दारी भालदार म्हणाला, "राजाज्ञा आहे, माघारी फिर." चंद्रावळ पुढेच गेली. भालदार बघतच राहिला. आज्ञा कुणी मोडली तर काय करायचे, हे त्याला शिकवलेच नव्हते. दुसऱ्या दारी नागाने फणा काढून तेच सांगितले. ती त्याला वळसा घालून गेली. तिसऱ्या दारी खुद्द कपिलाक्ष उभा.

"पाऊल टाकलेस तर दगड होशील."

तिने डोळे मिटून पाऊल टाकले. दगड काही झाली नाही.

सुभानाच्या गाडग्यावर सासूने काढलेला मोर होता. चंद्रावळने लाख फोडली. आत काही नाही. दुसरे फोडले, स्वतःचे फोडले. सगळी कोरडी ठणठणीत.

"यात कधी काही नव्हतेच?"

"जन्मासोबत आलेले काढून ठेवता येत नाही, बाई," मागोमाग आलेला कपिलाक्ष खाली बघत म्हणाला. "माझ्या गुरूलाही ठाऊक होते."

चंद्रावळने तळघरभर मांडलेल्या गाडग्यांवरून नजर फिरवली. आई, आजी, पणजी, साऱ्या जणी या रिकाम्या मडक्यांपुढे वाकल्या होत्या. मग तिला असा संताप आला, की मोराचे गाडगे काखेत मारून ती धावतच सुटली.

भिंत सुभानाच्या छातीपर्यंत आली होती. तिने सगळ्यांसमोर गाडगे पालथे धरले.

"धनी, बाहेर या. यात तुमचे काहीच नव्हते."

"पण महाराजांची आज्ञा..."

"त्यांनी आपल्याला राखावे. जीव आपला आहे. तो त्यांना कधी दिलाच नव्हता."

सुभान गाडग्याकडे बघत राहिला. मग हलकेच म्हणाला, "नाही." स्वतःच्या आवाजाने तो स्वतःच दचकला. गवंड्याने थापी खाली ठेवली आणि तोही म्हणाला, "नाही." मग गर्दीतून एकेक ‘नाही’ उठू लागला, तळघरातल्या लाखा आपोआप तडकल्या, आणि रोज ढासळणारा बुरूज जागच्या जागी स्थिर झाला.

"धरा हिला," राजा गरजला. कुणी हलले नाही. राजाचा चेहरा पांढरा पडला.

"मग मी राजा कशाचा?"

"राखणीचा," चंद्रावळ म्हणाली. "तेवढ्यापुरताच. हद्द ओलांडलीत तर राखणदार बदलू."

रिकाम्या गाडग्यावर हात ठेवून राजाने तशी शपथ घेतली. सुभानाला भिंतीतून काढले. मग राजा गोड आवाजात म्हणाला, "शपथेचे हे गाडगे आमच्याच तळघरात ठेवू."

"नाही, महाराज," चंद्रावळ म्हणाली. गाडगे कडेवर घेऊन ती नवऱ्याबरोबर घरी गेली, आणि त्यात तिने दही लावले.