यूबीएल एकवीसच्या शोधात

“...म्हणजे तुमच्याकडंही नाही, चाचा?”

गुलाबचाचांनी मान हलवली. मिरजेतल्या त्या बोळात ते पन्नास वर्षं रेडिओ दुरुस्त करत होते. त्यांच्याकडं नाही म्हणजे कुठंच नाही, हे उपाध्ये सरांना ठाऊक होतं.

सर सांगलीच्या एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. त्यांना जुने व्हॉल्व्ह जमवायचा नाद. व्हॉल्व्ह म्हणजे काचेची नळी. ती तापून लाल झाली की जुना रेडिओ बोलायला लागतो. अशा नळ्यांनी सरांच्या घरातली दोन कपाटं भरली होती. बायकोच्या साड्या माळ्यावर गेल्या होत्या.

“चार वर्षं झाली,” सर म्हणाले. “बेळगाव, हैदराबाद, मुंबई... भंगाराचे ढीग उपसले. धनुर्वाताची इंजेक्शनं घेऊन हिंडलो.”

“कुणासाठी एवढं?”

“आईसाठी, आमच्या आक्कासाठी. तिचा रेडिओ बंद पडलाय. नवा आणून दिला, तर म्हणते, हा दुसऱ्याच कुणाच्या आवाजात बोलतो. रोज सकाळी त्या मुक्या रेडिओपुढं कॉफी घेऊन बसते... एक्क्याण्णव वय आहे, चाचा.”

“नंबर काय म्हणालात?”

“यूबीएल एकवीस. हा बघा, असा.”

सरांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. डब्यातून कापूस. कापसातून एक पिवळट खोकं. त्याच्या तोंडावरची कागदी पट्टी जशीच्या तशी चिकटलेली.

चाचांनी चष्मा वर केला.

“हा कोण मग?”

“हा नमुना. दुकानदारांना दाखवायला.”

“आत काय आहे?”

“यूबीएल एकवीस.”

“चांगला?”

“चांगला? अहो, कारखान्यातनं निघाल्यापासून सील फुटलेलं नाही! असे तीन आहेत माझ्याकडं. अख्ख्या जिल्ह्यात कुणाकडं एक दाखवा!”

“मग आक्कांच्या रेडिओत...”

“छे! छे!” सरांनी खोकं छातीशी धरलं. “सील फोडू? तुमच्यासारख्या जाणत्यानं असं म्हणावं? मला उघडलेला पाहिजे. कुणीतरी वापरलेला.”

चाचांनी हात पुढं केला. सरांनी जीव मुठीत धरून खोकं त्यांच्या तळहातावर ठेवलं.

चाचांनी ते जोखलं.

“सर...”

“काय?”

“हलका लागतोय.”

“काचच ती. हलकीच असणार.”

“असेल.” चाचांनी खोकं परत दिलं. “हल्ली रिकाम्या खोक्यालाही पट्टी चिकटवून विकतात. तुमचं तसलं नसेल.”

सर हसले.

मग हसायचे थांबले.

त्यांनी खोकं उजव्या हातात जोखलं. मग डाव्या. मग कानाशी नेलं.

“हलवून बघू?”

“नको. आत असला तर फुटेल.”

“आणि नसला तर?”

“नसला तर... नाही.”

चाचांनी चहा मागवला. चहा आला, निवला, त्यावर साय धरली. सर खोक्याकडं बघत होते.

फर्रकन आवाज झाला.

“आहे! चाचा, आहे! अगदी कोरा!”

सर नाचायचेच बाकी होते. तेवढ्यात त्यांना पायाशी पडलेली पट्टी दिसली. दोन तुकडे... सर मटकन स्टुलावर बसले.

“चाचा, हे काय झालं हो माझ्या हातनं?”

चाचांनी तुकडे उचलून केराच्या टोपलीत टाकले.

“तुम्हाला उघडलेला पाहिजे होता ना, सर? मिळाला की!”