मौनाची घंटा

एकदा एका तरुण आईने हट्टाने एक नेम धरला. चातुर्मासभर मौनाने जेवायचे. जेवताना तोंडून शब्द निघाला, तर पान तसेच टाकून उठायचे. तिचे नाव वत्सला. गावातल्या वयोवृद्ध माईंकडे ती पोथी वाचायला, व्रते समजून घ्यायला जात असे. या नेमाच्या उद्यापनाला देवळाला घंटा द्यायची रीत. म्हणून तिने आषाढातच पितळेची घंटा आणून देव्हाऱ्यात ठेवली.

पण घरात ठकू होती. वय वर्षे तीन. आई गप्प बसली की ठकूला हटकून कंठ फुटे.

"आई, मुंगीला दात असतात?"

वत्सला नुसती मान हलवी.

"आई, बाप्पा शी कुठे करतो?"

वत्सला ओठ घट्ट मिटून हसू गिळी. मग ठकू मटकीचा दाणा नाकात घाली, आणि "अगं कार्टे!" हा मंत्र आईच्या तोंडून सुटे. वत्सला पानावरून उठे. रिकाम्या पोटी चिडचिड होई आणि ती सगळी ठकूच्या वाट्याला येई. तरी माघार नाही. "जीव गेला तरी नेम सोडायची नाही," असे ती देवापुढे बजावून सांगे.

श्रावणात ठकू जेवेनाशी झाली. दोन घास खाई आणि ताट सारी. दृष्ट काढून झाली, ओवा देऊन झाला. पोरीच्या गालांवरचे बाळसे उतरले, तशी वत्सला हबकली. तिने माईंना जेवायला बोलावले. "तुम्हीच बघा, माई. तुमच्यासमोर तरी खाते का."

माईंचेही मौनभोजन होते. तरुणपणापासूनचे, कधी न चुकलेले. तिघी पानांवर बसल्या. ठकूने वरणभाताचा घास घेतला आणि खुशीत म्हणाली, "तूप खूप आहे!"

लगेच तिचा चेहरा पडला. तिने ताट दूर सारले, नसलेला पदर खांद्यावर सारखा केला आणि आईसारखीच ताडकन उठली. "मी बोलले. आता नाही जेवायचं."

वत्सलाचा घास हातातच राहिला.

तेवढ्यात माई बोलल्या. "ठकूबाई, माझ्या भातावर तूप कमी आहे हो. आईला वाढायला सांगा." आणि त्यांनी शांतपणे पुढचा घास घेतला.

ठकू ओरडली, "आजी, तू बोललीस! ऊठ!"

"नाही उठत. मला भूक लागली आहे."

ठकूने क्षणभर विचार केला. "मला पण," म्हणाली, आणि माईंच्या ताटाशी येऊन बसली.

जेवणे होईपर्यंत वत्सला कशीबशी गप्प राहिली. हात धुताच तिचे डोळे भरून आले. "माई, एवढ्या वर्षांचा नेम तुम्ही माझ्या घरी मोडलात!"

"मोडला नाही गं, कामी आणला," माई म्हणाल्या. "मौनाच्या नेमाला घंटाच का द्यायची? मला वाटतं, गप्प राहून झालं की पुढे जो नाद निघेल तो गोड निघावा, म्हणून. जिभेला लगाम हवा होता, बाई. तू कुलूप घातलंस, आणि ते निघालं की ओरडलीस. लेकराने त्यातून काय उचललं? बोललं की उपाशी राहायचं."

"मग सोडू नेम?"

"सोडतेस कशाला? अवघड कर. जेवताना खुशाल बोल, पण उद्यापनापर्यंत एकही कडू शब्द नको. बघ पेलतंय का."

वत्सलाने पदर खोचला, देवापुढे बसून नवा संकल्प केला. दुसऱ्याच दिवशी ठकूने ताकाची वाटी टोपी म्हणून डोक्यावर पालथी घातली. जुना मंत्र वत्सलाच्या ओठांपर्यंत आला. तिने तो तिथेच गिळला.

"टोपी झकास आहे," ती म्हणाली, "फक्त गळते."

ठकू खदखदून हसली आणि ताक निथळत असतानाच तिने आणखी भात मागितला.

कार्तिकात देवळात घंटा बांधली. वत्सलाच्या कडेवरून ठकूने ती इतकी बडवली की गुरवकाका कानांवर हात ठेवून बाहेर आले. "अगं कार्टे, पुरे!"

वत्सलाने तो मंत्र ओळखला. ती हसली, आणि लेकीचा हात नीट पोचावा म्हणून तिने तिला जरा उंच धरले.