उत्पलेचे ओठ

पूर्वी शोणपूर नगरावर अरिंजय राजाची सत्ता असताना बोधिसत्त्व तेथल्या पाठशाळेत आचार्य होते. राजाने एकदा दवंडी पिटवली की आंधळे, बहिरे, पांगळे, मंद, कोणतेही मूल पाठशाळेच्या दारातून परत पाठवू नये. आज्ञा सोन्यासारखी होती. पण दवंडीमागून दुसरा आचार्य काही आला नाही, की एखादी धूळपाटीही जास्तीची आली नाही. त्रेसष्ट मुले आणि एकटे बोधिसत्त्व!

शिकवण्याची रीत संथेची होती. आचार्यांनी ओळ म्हणायची, मुलांनी तीच एका सुरात दोनदा म्हणायची. वर्षाअखेर अमात्य कालसेन परीक्षेला येई आणि डोळे मिटून ऐके. सूर जुळला की सगळी मुले उत्तीर्ण, फाटला की आचार्यांनी घरचा रस्ता धरायचा.

बुरूडकाम करणाऱ्या सोमेची मुलगी उत्पला ठार बहिरी होती. तिच्यापर्यंत संथा पोचणार कशी? तिला धूळपाटीवर अक्षर काढून दाखवायला बसावे, तर बाकी बासष्टांची संथा खोळंबे. शेवटी बोधिसत्त्वांनी तिला मधल्या रांगेत बसवले आणि इतरांबरोबर ओठ हलवायला शिकवले. तीन वर्षे ती अशीच उत्तीर्ण होत गेली. "आपल्याकडे बहिरी मुलगीसुद्धा श्लोक म्हणते," असे कालसेन दरबारात मिरवू लागला.

चौथ्या परीक्षेच्या सकाळी सोमा पाठशाळेच्या दारात उभी राहिली.

"आचार्य, आज हिची शेवटची परीक्षा. उद्यापासून ही माझ्याबरोबर टोपल्या विणेल, त्याचं काही नाही. पण हिला स्वतःचं नाव तरी लिहिता येतं का हो? घरी नुसते ओठ हलवते. गल्लीतली पोरं हसतात, आणि हिला वाटतं शाबासकी देतायत."

बोधिसत्त्वांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राजाचा राग आला, कालसेनाचा आला, आणि सर्वांत जास्त स्वतःचा आला. बोधिसत्त्व कधी रागावत नाहीत असे ज्यांना म्हणायचे असेल त्यांनी खुशाल म्हणावे.

परीक्षा सुरू झाली. कालसेनाने डोळे मिटले. मुलांनी पहिली ओळ उचलली, तोच बोधिसत्त्वांनी हात वर करून त्यांना थांबवले.

"अमात्य, डोळे उघडा. एकेकाचं ऐका."

"कशाला? सूर तर छान लागलाय."

"ऐका म्हणतो ना!"

एकेक मूल उभे राहिले. उत्पलेचे ओठ हलले, आवाज आला नाही. पण ती एकटी नव्हती. धडधाकट कानांची आणखी एकवीस मुले चार शब्दांत अडखळली आणि खाली मान घालून उभी राहिली.

कालसेनाने आचार्यांना तडक राजापुढे नेले. सगळे ऐकून घेऊन राजा समजुतीने म्हणाला, "तुम्हाला ही मुलं जड होत असतील, तर त्यांच्यासाठी गावाबाहेर वेगळं घर बांधू."

"भिंतींना विटा आहेत, शिकवायला माणूस नाही!" बोधिसत्त्व कडाडले. "दार उघडलंत, चांगलं केलंत. पण आत काय चाललंय ते एकदा तरी येऊन पाहिलंत, महाराज? मी तीन वर्षं एका लेकराच्या तोंडून खोटं बोललो. मला घालवा. पण माझ्या जागी दोन आचार्य द्या, आणि हे डोळे मिटून ऐकणं बंद करा."

राजा खजील झाला. त्याने दोन आचार्य नेमले, आणि बोधिसत्त्वांनाही जाऊ दिले नाही. सोमेने उत्पलेला पाठशाळेतच ठेवले, आणि चार महिन्यांत ती धूळपाटीवर आपले नाव लिहू लागली, मग आईचे.

भिक्षूंच्या सभेत ही पूर्वजन्मीची कथा एवढी सांगून शास्ते, म्हणजे बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे आजचा उपासक धनंजय, कालसेन म्हणजे भिक्षू लोलक, आणि उत्पला म्हणजे भिक्षुणी सुवर्चा. आचार्य मीच होतो. आणि ती एकवीस मुले? ती आत्ता माझ्यासमोर बसली आहेत आणि माझ्या प्रत्येक वाक्याला माना डोलावत आहेत."

सभेत एकही मान हलली नाही.

"तेव्हा मी आचरली ती सत्यपारमिता, सत्याचे परिपूर्ण पालन," शास्ते म्हणाले. "तीन वर्षे उशिरा आचरली."