खोगिराआधी खरारा

वस्तू आणि जनावरं अजून माणसांशी बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. बांगड्यांच्या फेरीसाठी सटवाजी कासाराने आयुष्यातली पहिली घोडी घेतली, चांदणी. तिच्यासाठी त्याने जरीचं खोगीर आणलं, गोंड्यांचा लगाम आणला. दुकानदाराने वर एक खरारा फुकट दिला.

"घोडीचं अंग घासणारा तू! माझ्या शेजारी कशाला?" खोगीर फुगून म्हणालं. खरारा खुंटीला लटकला.

सकाळी सटवाजीने हौसेने खोगीर कसलं आणि वर बसला. चांदणी अशी उधळली, की सटवाजी थेट उकिरड्यात! त्याने चाबूक उगारला.

"मालक, मारा हवं तर," चांदणी कळवळली, "पण आधी माझी पाठ बघा."

खोगीर उतरवलं, तर गवतात लोळताना केसांत अडकलेला गोखरूचा काटा पाठीत रुतलेला. सटवाजीच्या हातून चाबूक गळाला. "चुकलो गं बाई," म्हणत त्याने काटा काढला आणि जखम सांभाळून हलक्या हाताने खरारा केला. चांदणीने डोळे मिटले आणि खराऱ्याला नाक लावलं. "आधी हा फिरला असता, तर काटा तेव्हाच निघाला असता," खोगीर वरमून म्हणालं.

जखम भरली, फेरी सुरू झाली. अजूनही घाईत सटवाजीचा हात आधी खोगिराकडे गेला, तर खोगीरच म्हणतं, "थांबा मालक. आधी खरारादादा."