मूळव्याध आणि तीन रविवार

आमच्या चर्चचा सेक्रेटरी विल्सन पारधे म्हणजे दीडशहाणा. त्यानं सभासदांसाठी सॉफ्टवेअर आणलं आणि मी पाळकसाहेबांना प्रार्थनेसाठी गुपचूप सांगितलेली मूळव्याध त्यात घातली. झालं, ती सगळ्या मंडळीच्या मोबाइलवर! जो तो मला "बसा की काका" म्हणून हसायला लागला.

रविवारी उपासना संपल्यावर मी सगळ्यांदेखत विचारलं, "कुणाला विचारून घातलंस रे?"

"काका, सगळ्यांची माहिती सॉफ्टवेअरमध्ये घालणार, असं तीन रविवार जाहीर केलं होतं. कुणी हरकत घेतली नाही, म्हणजे संमती झाली. लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये सूचना वाचून हरकत विचारतो ना, तसंच."

तेवढ्यात आमची बायको एस्तेर उठली.

"विल्सन, तुझ्याही लग्नाची सूचना तीन रविवार वाचली. कुणाची हरकत नव्हती. मग सुगंधाला न विचारताच लग्न लावलं काय?"

"छे! तिनं वेदीपुढं स्वतः 'होय' म्हटलं."

"मग आमच्या म्हाताऱ्याला कुणी विचारलं?"

बायकांच्या बाकावरून विल्सनची सुगंधा म्हणाली, "आणि मला आज परत विचारलं, तर 'होय'च म्हणेन असं धरून चालू नका."

मोबाइलमधली मूळव्याध दुपारच्या जेवणाआधी गेली. खरी अजून आहे, पण ती माझी मी बघीन.