टिकलीची चार बोटं जागा

मांडीवर नीट बसा बघू. चुळबुळ नाही करायची. हां, आता ऐका.

एक होती चिंबोरी. लाल लाल. टिकलीएवढी. म्हणून तिचं नाव टिकली. समुद्राकाठी वाळूत तिचं घर होतं. घर केवढं? चार बोटं! मोजा बघू. एक, दोन, तीन, चार. बस्स, तेवढंच. पण तिचं स्वतःचं होतं, आणि ठणठणीत कोरडं होतं.

एके सकाळी समुद्र आला. धबाक्! थेट घरात शिरला. दार पडलं, भिंत पडली, घर गेलं!

टिकली मुसुमुसु रडली. मग तिने डोळे पुसले. दोन्ही नांग्या वर केल्या आणि निघाली.

तुरुतुरु तुरुतुरु, तिरकी तिरकी.

"समुद्रदादा, समुद्रदादा, थोडा सरक ना! मला घर मिळेना!"

समुद्र म्हणाला, "कसा सरकू गं बाई? पोट भरलंय टम्म! बर्फआजी घसरते, माझ्या पोटात येऊन बसते. आधी तिला थांबव, मग मी सरकतो."

तुरुतुरु तुरुतुरु, तिरकी तिरकी.

लांब, खूप लांब, पार दक्षिणेच्या टोकाला बर्फआजी बसली होती. पांढरीशुभ्र. केवढी मोठी! बसली होती जमिनीवर, पण पाय सोडला होता समुद्रात. टाच टेकली होती खडकाला.

"बर्फआजी, बर्फआजी, जरा थांब ना!
समुद्र सरकेना,
मला घर मिळेना!"

आजी म्हणाली, "कशी थांबू गं बाळे? खी खी खी! ऊनऊन पाणी येतं, तळव्याला गुदगुल्या करतं. टाच सुटते, मी घसरते. कडाड् धप्प! आधी त्याला वळव, मग मी थांबते."

तुरुतुरु तुरुतुरु, तिरकी तिरकी.

आजीच्या पायाखाली ऊनऊन पाणी लपलं होतं. बुडबुड बुडबुड. लबाड कुठलं!

"ऊनऊन पाण्या, ऊनऊन पाण्या, मागे वळ ना!
आजी थांबेना,
समुद्र सरकेना,
मला घर मिळेना!"

पाणी म्हणालं, "मी कसं वळू? वारा मला ढकलतो. आधी त्याला बसव, मग मी वळतं."

तुरुतुरु तुरुतुरु, तिरकी तिरकी.

वारा धावत होता. सूं सूं सूं.

"वारेबुवा, वारेबुवा, खाली बसा ना!
पाणी वळेना,
आजी थांबेना,
समुद्र सरकेना,
मला घर मिळेना!"

वारा म्हणाला, "बसू कसा? धुराने आभाळावर गोधडी घातलीय. उकडतंय नुसतं! उकडलं की मी सैरावैरा पळतो. आधी धुराला हटव, मग मी बसतो."

तुरुतुरु तुरुतुरु, तिरकी तिरकी. पाय दुखले हो तिचे! आठच्या आठ दुखले. पण टिकली कसली थांबतेय!

धूर वर चढत होता. भस्स भस्स.

"धुरोबा, धुरोबा, बाजूला हट ना!
वारा बसेना,
पाणी वळेना,
आजी थांबेना,
समुद्र सरकेना,
मला घर मिळेना!"

धूर म्हणाला, "मी काय आपणहून येतो? फटफटी मला सोडते. आधी तिला थांबव, मग मी हटतो."

तुरुतुरु तुरुतुरु, तिरकी तिरकी.

आणि टिकली कुठे पोचली? आपल्याच गावात! पाववाल्या इनासकाकांच्या दारात. तिथे फटफटी उभी होती. फट फट फट फट!

"फटफटीबाई, फटफटीबाई, गप्प बस ना!
धूर हटेना,
वारा बसेना,
पाणी वळेना,
आजी थांबेना,
समुद्र सरकेना,
मला घर मिळेना!"

फटफटी म्हणाली, "मला काय विचारतेस? काका किक मारतात, मी ओरडते. त्यांना विचार!"

इनासकाका खाली वाकले. "काय गो बाय? फटफटी कशी बंद करू? गावाला पाव कोण देणार? सायकल होती माझी, पण तिची चेन पडली. कव्हरच्या आत अडकून बसलीय. माझी बोटं ही एवढी जाडी. आत जातच नाहीत!"

टिकलीने आपल्या नांग्यांकडे पाहिलं. बारीक बारीक. टोकदार.

"माझ्या जातील!"

सुळ्ळकन् ती आत शिरली. नांगीने चेन धरली. हय्या हो! हय्या हो! ओढली, ओढली, आणि चक्राच्या दातांवर बसवली. खट्ट!

"अगो माझे बाय!" काका ओरडलेच. त्यांनी पावाची टोपली मागे बांधली, टिकलीला पुढे हँडलवर बसवलं.

ट्रिंग ट्रिंग! ट्रिंग ट्रिंग!

धूर हसला. "एका फटफटीने माझं काय होतंय!"

पण काकांना पाहून दूधवाल्या फिलूमावशीने सायकल काढली. पोस्टमनदादाने काढली. शाळेच्या बाईंनीसुद्धा काढली, साडी खोचून! मग शेजारच्या गावाने, मग त्याच्या पलीकडच्याने, मग त्याच्याही पलीकडच्याने. जिकडे तिकडे ट्रिंग ट्रिंग! ट्रिंग ट्रिंग!

मग काय झालं?

फटफट्या थांबल्या.
धूर हटला.
वारा बसला.
पाणी वळलं.
गुदगुल्या संपल्या. आजीने टाच टेकली खडकाला, घट्ट! वरून भुरभुर भुरभुर हिम पडलं. आजी पुन्हा गुबगुबीत झाली.
आजी थांबली.

समुद्राचंच पाणी हिम होऊन आजीकडे गेलं, आणि समुद्राचं पोट हलकं झालं. समुद्र सरकला. पण केवढा मोठा तो! त्याला घाई जमत नाही. सावकाश सरकला. एक बोट. टिकली वाट बघत बसली. दोन बोटं. अजून बसली. तीन बोटं. आणि... चार!

टिकलीने वाळू उकरली. खर्र खर्र खर्र. घर झालं! ठणठणीत कोरडं.

आता रोज सकाळी ट्रिंग ट्रिंग वाजतं. इनासकाका दाराशी पावाचा तुकडा ठेवतात, गरमगरम. टिकली तो दोन्ही नांग्यांनी धरून खाते.

भरतीला समुद्र येतो. चार बोटं लांब थांबतो आणि हळूच विचारतो, "टिकलीबाई, आत येऊ?"

टिकली तोंडातला घास गिळते आणि म्हणते, "आत नको हं दादा! तिथेच बस. तुला पाव देते."