शपथविधीचा कोट

मतपेट्या बैलगाडीतून यायच्या, त्या काळची ही गोष्ट. गावच्या शाळेत मतदान होतं आणि गोविलकर मास्तर तिथले अधिकारी. शाळेची जागा रायाजीराव इनामदारांची, निवडणुकीला उभेही तेच. मंत्रिपदाच्या शपथेसाठी त्यांनी कोटसुद्धा शिवून ठेवला होता.

सकाळीच येऊन ते म्हणाले, "मास्तर, माझे चाळीस गडी मी सांगेन तिथंच मत देणार. त्यांचं काम कशाला मोडायचं? त्यांची मतं मीच टाकतो. शाळेची जागा कुणाची, ते ध्यानात ठेवा."

शाईची बाटली पुढे सरकवून मास्तर नम्रपणे म्हणाले, "टाका की सरकार. फक्त एका मताला एका बोटाला शाई लावायचा नियम आहे. चाळीस बोटं तेवढी पुढे करा."

रांगेत हसू फुटलं. दुपारी चाळीसही गडी स्वतः येऊन मत देऊन गेले.

रायाजीराव पडले. फितूर शोधायला त्यांनी गड्यांची बोटं तपासली, तर चाळीसच्या चाळीस सारखीच काळी.

रागाच्या भरात त्यांनी तो कोट शाळेला देऊन टाकला. पुढे कित्येक वर्षं शाळेच्या नाटकातला प्रधान तोच घालून यायचा, आणि पहिल्या रांगेतले म्हातारे मास्तर आपल्या डाव्या हाताच्या बोटाकडे बघून हसायचे.